थडग्याचा दगड वाचायचा तर ऊन तिरपं हवं

सकाळी दहाला त्या दगडावर काही म्हणजे काही नव्हतं. करडी-पिवळी पाठ आणि तिच्यावर दोन-चार नारिंगी डाग, एवढंच. मी आणि माझी मुलगी चर्चच्या आवारभर फिरलो, बाकावर बसून डबा खाल्ला आणि साडेबाराच्या पुढे परत त्याच दगडापाशी आलो. आता वरच्या कमानीत पंख पसरलेला एक गुबगुबीत चेहरा होता. त्याच्या खाली आठ ओळी होत्या, आणि अक्षरं सरळ यावीत म्हणून कोरणाऱ्यानं प्रत्येक ओळीच्या वर-खाली ओढलेल्या केसाएवढ्या रेघासुद्धा दिसत होत्या. दगड तोच. फक्त ऊन समोरून पडायचं थांबलं होतं आणि आता कडेनं घासून जात होतं.

ग्लॉस्टरमध्ये राहायला लागून मला एकोणीस वर्षं झाली. आजोबा पाथरवट होते, जाती आणि पाटे-वरवंटे घडवायचे, गावोगाव हिंडून जात्याला टाकी लावून द्यायचे. दगड घ्यायच्या आधी ते तो उन्हात आडवा धरून कडेनं बघत. समोरून बघितलं की दगड खोटं बोलतो, असं म्हणायचे. इंग्लंडमधल्या जुन्या चर्चच्या आवारात जायला लागल्यावर मला त्यांचं ते बघणं परत सापडलं. दर उन्हाळ्यात कुणाचे तरी आईवडील भारतातून येतात, कॉट्सवोल्ड्सच्या गावांतून फिरतात, चर्चपाशी फोटो काढतात आणि मला विचारतात, "या थडग्यांत बघायचं काय असतं?" त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी उन्हाचंच सांगते, कारण बहुतेक माणसं तिथेच चुकतात. संध्याकाळचं ऊन तिरपं असतं म्हणून संध्याकाळी जावं, असं सर्रास सांगितलं जातं. ते दर वेळी खरं नसतं. ख्रिस्ती रिवाजात मृताचं डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला ठेवतात, पुनरुत्थानाच्या दिवशी तो उठेल तेव्हा त्याचं तोंड पूर्वेला असावं म्हणून. त्यामुळे उशाशी उभ्या केलेल्या दगडाचं, म्हणजे हेडस्टोनचं, तोंड बहुतेक वेळा पूर्वेला नाहीतर पश्चिमेला असतं. पूर्वेकडे तोंड असलेल्या दगडावर सकाळचं ऊन थेट समोरून पडतं आणि अक्षरं सपाट होऊन जातात. तेच ऊन सूर्य दक्षिणेला पोचत आला की दगडाच्या अंगाला चाटून जातं. म्हणजे खरी वेळ भर दुपारची.

पण ती घड्याळातल्या बाराची नव्हे. इथे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे असतात, शिवाय ग्लॉस्टरशर ग्रिनिचच्या पश्चिमेला आहे. त्यामुळे सूर्य नेमका दक्षिणेला येतो तेव्हा एक वाजून दहा मिनिटांच्या आगेमागे झालेलं असतं. उन्हाळ्यात पूर्वमुखी दगड साडेबारा ते एक या वेळात वाचा आणि पश्चिममुखी दगड सव्वा ते दोनमध्ये. हिवाळ्यात दोन्ही वेळा तासभर अलीकडे घ्या. दक्षिणेकडे तोंड असलेल्या कोरीव बाजूंना मात्र सकाळचं किंवा संध्याकाळचंच ऊन लागतं. फोनमधलं होकायंत्र उघडून दगडाचं तोंड कुठे आहे ते आधी बघायचं आणि मग आवारातली फिरण्याची वाट ठरवायची. एवढं केलंत तरी अर्धं काम झालं.

उत्तरेकडे तोंड असेल किंवा झाडाची सावली असेल तर आरसा लागतो. मी कपाटाच्या दारावर लावतात तसा लांबट प्लॅस्टिकचा आरसा नेते. काचेचा नको, गवतात फुटला तर तुकडे वेचता येत नाहीत. एकानं आरसा घेऊन उन्हात उभं राहायचं आणि उजेड दगडाच्या डाव्या नाहीतर उजव्या कडेनं आडवा सोडायचा. दुसऱ्यानं फोटो काढायचे. आरसा हातभर सरकवला की एखादा अंक दिसतो आणि दुसरा बुजतो, म्हणून एका दगडाचे पाच-सहा फोटो लागतात. ढगाळ दिवशी छत्रीखाली अंधार करून बॅटरीचा झोत तसाच कडेनं टाकला तरी जमतं. घरी आल्यावर ते फोटो एकामागून एक बघताना शब्द जुळत जातात.

आता काय करू नये ते. हे मी माझ्या चुकीतून शिकले. पहिल्याच वर्षी एका खेड्यातल्या आवारात अक्षरं दिसेनात म्हणून मी पांढरा खडू आडवा धरून दगडावर फिरवला. अक्षरं लगेच दिसली आणि मला फार आनंद झाला. पण तो दगड चुनखडीचा, सच्छिद्र. खडू त्याच्या भोकांत जाऊन बसला. पुढचे दोन हिवाळे मी तिथे जात होते आणि पांढरे फराटे तसेच होते. त्याहून वाईट म्हणजे एक झिजलेला सात मला एक वाटला होता आणि मी तो खडूनं एक म्हणूनच गिरवून ठेवला होता. मधल्या काळात जो कुणी तिथे आला असेल त्यानं तीनशे वर्षांपूर्वीचं साल वाचलं नाही, माझा अंदाज वाचला. ती गोष्ट मला अजून लागते. खडू नको, पीठ नको, दाढीचा फेस नको. कागद ठेवून पेन्सिल घासायची असेल तर आधी चर्चच्या माणसांची परवानगी घ्या, आणि दगड पापुद्रे सोडत असेल तर परवानगी मिळाली तरी करू नका.

घासणी, तारेचा ब्रश, ब्लीच, व्हिनेगर, लिंबू यांतलं काहीही दगडाला लागता कामा नये. चुनखडी आम्लात विरघळते, आणि ज्या मिलिमीटरभर थरात अक्षर आहे तोच थर आधी जातो. आपल्याकडच्या माणसांना आणखी एक सांगावंसं वाटतं. आमच्या जवळच्या पेन्सविक गावातल्या पुष्कळ थडग्यांवर तांब्या-पितळेचे कोरलेले पत्रे बसवलेले आहेत. ते हिरवे-काळे पडलेले दिसले की आपला हात चिंचेकडे नाहीतर पितांबरीकडे वळतो. तसं करू नका. तो हिरवा थर धातूचं पांघरूण आहे, आणि त्यावरची अक्षरं तिरप्या उजेडात उत्तम वाचता येतात.

नारिंगी, राखाडी, पांढरे गोल डाग म्हणजे दगडफूल. हो, आपल्या गोड्या मसाल्यात पडतं त्याचीच भावंडं. वर्षाला एखाद मिलिमीटर, कित्येकदा त्याहूनही कमी वाढतात. तळहाताएवढा डाग दिसला तर तो तुमच्या पणजोबांच्या वयाचा असू शकतो. या आवारांतल्या दगडांवर दगडफुलांचे शेकडो प्रकार नांदतात. अक्षरावर आलंय म्हणून ते खरवडलं तर अक्षराची कडही त्याच्याबरोबर निघते.

दगडाला टेकू नका, लहान मुलांना चढू देऊ नका. यात मानाचा प्रश्न आहेच, पण जिवाचाही आहे. जुने हेडस्टोन वरून भक्कम दिसले तरी जमिनीत फार खोल गेलेले नसतात. पेटीसारख्या थडग्यांचे पत्थर आतून लोखंडी कड्यांनी सांधलेले असतात. लोखंड गंजलं की फुगतं आणि दगडाला आतून फोडतं. अशी भेग दिसली तर चर्चवॉर्डनला, म्हणजे चर्चची देखभाल बघणाऱ्याला, सांगावं. आपण सिमेंट घेऊन जाऊ नये. अशा दुरुस्तीला सांध्यांत चुनाच भरावा लागतो. सिमेंट दगडापेक्षा कडक असतं, पाणी बाहेर पडू देत नाही आणि शेवटी दगडच फुटतो. शिवाय इंग्लंडच्या चर्चच्या आवारात दगड हलवायला किंवा दुरुस्त करायला फॅकल्टी नावाची रीतसर मंजुरी लागते.

मागच्या उन्हाळ्यात सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. पेन्सविकला पोचल्यावर म्हणाल्या, "मी बाहेरच थांबते. तू ये बघून." साहजिकच आहे. आपल्याकडे अशा जागी कुणी सहज जात नाही, गेलं तर घरी येऊन आधी आंघोळ करतो. त्या फाटकावरच्या छपराखाली थांबल्या. मी त्यांना सांगितलं की याला लिचगेट म्हणतात, लिच म्हणजे जुन्या इंग्रजीत प्रेत. पाद्री येईपर्यंत तिरडी इथे टेकवायचे. त्या म्हणाल्या, "म्हणजे विसावाच की गं." आणि आत आल्या. आमच्या गावच्या भैरोबाच्या देवळाबाहेर वीरगळ आहेत, ते त्यांनी लहानपणापासून बघितलेत. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: तळाला लढाई, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा आणि शेंड्याला चंद्र-सूर्य. इंग्रजी हेडस्टोन वरून खाली वाचायचा. वर चिन्ह, मग नाव, मग नातं, मग तारीख, आणि गवताजवळ एखादी कविता.

चिन्हांवरून साधारण काळ ठरवता येतो. साल पुसलं गेलं असेल तेव्हा याचा फार उपयोग होतो. कवटी आणि आडवी हाडं, वाळूचं घड्याळ, कुदळ-फावडं दिसलं तर दगड बहुधा सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातला किंवा अठराव्याच्या सुरुवातीचा. तेव्हा दगड बघणाऱ्याला बजावत असे की तुझीही वेळ येणार आहे. अठराव्या शतकात कवटीच्या जागी पंखांचा चेहरा येत जातो. तो मृताचा आत्मा आहे, वर निघालेला. शतक संपत आलं की कलश येतात, त्यावर सोडलेलं वस्त्र येतं, ग्रीक-रोमन वळणाचं कोरीव काम दिसतं. मग एकोणिसाव्या शतकात कलशावर झुकलेलं विलोचं झाड आणि त्यानंतर मोठमोठे क्रूस. आपलीच शेपटी तोंडात धरलेला साप म्हणजे अनंतकाळ. आपण आचंद्रार्क म्हणतो आणि दगडावर चंद्र-सूर्य काढतो, तेच तो साप सांगतो. उलटी धरलेली मशाल म्हणजे विझलेलं आयुष्य. हे सगळं शहरात लवकर बदललं आणि खेड्यात उशिरा, म्हणून वीस-तीस वर्षांची सवड धरून चाला.

पंखांचे चेहरे नुसते मोजू नका, जवळ जाऊन बघा. सुरुवातीला मी सांगितलेल्या दगडावरच्या चेहऱ्याची डावी भुवई उजवीपेक्षा किंचित वर आहे. डोळ्यांच्या बाहुल्या म्हणजे गिरमिटानं पाडलेली दोन बारीक भोकं. उजव्या पंखाची पिसं एकावर एक नीट कौलांसारखी बसली आहेत, डाव्या पंखाला जागा कमी पडली म्हणून शेवटची दोन पिसं आखडून कमानीत दाबली आहेत. गालावर दगडफुलाचा नारिंगी ठिपका आला आहे. खाली एका आडनावाचं शेवटचं अक्षर ओळीत मावेना, म्हणून ते बारीक करून वर चढवलंय. ज्यानं हे कोरलं त्याला तिथे थांबून विचार करावा लागला असणार. मला अशा जागा सर्वांत आवडतात, कारण तिथे हात दिसतो.

पेन्सविकला जाच. चेल्टनहॅम आणि स्ट्राउडच्या मधलं हे गाव. सेंट मेरी चर्चभोवती कातरलेल्या, यू नावाच्या सदाहरित झाडांच्या रांगा आहेत. झाडं नव्व्याण्णवच, शंभरावं लावलं तर सैतान ते जगू देत नाही, अशी दंतकथा आहे. प्रत्यक्षात ती शंभराहून जास्त आहेत. सप्टेंबरच्या १९ तारखेच्या जवळच्या रविवारी गावातले लोक हातात हात धरून चर्चभोवती कडं करतात. त्या दिवशी गर्दी असते, दगड बघायला दुसरा दिवस निवडा.

इथली थडगी कापडाच्या व्यापाऱ्यांची. स्ट्राउडच्या खोऱ्यातल्या ओढ्यांवर लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या, आणि तिथला किरमिजी रंग नावाजलेला होता. ईस्ट इंडिया कंपनी या कापडवाल्यांची मोठी गिऱ्हाईक. आपल्या जुन्या कागदपत्रांत बनात आणि सकलाद ही विलायती लोकरी कापडं येतात, ती वाचताना मला ही खोरी आठवतात. त्या पैशातून इथे पेटीच्या आकाराची, मेजाच्या आकाराची आणि उंच, गोल किंवा अष्टकोनी, झाकण लावलेल्या चहाच्या डब्यासारखी थडगी उभी राहिली. त्या शेवटच्या प्रकाराला लोक टी-कॅडीच म्हणतात.

एक गैरसमज दूर करते: पेटीत कुणी नसतं. ती आतून पोकळ असते, माणूस खाली जमिनीत असतो. पेटी म्हणजे लिहायला आणि कोरायला मिळालेल्या चार बाजू. म्हणूनच चारही बाजूंनी फिरायला हवं. लेख बहुधा लांब बाजूंवर, आणि उत्तम कोरीव काम अरुंद बाजूंवर आणि कोपऱ्यांवर. छज्ज्याखाली बोटभर आत गेलेल्या भागात पाऊस पोचत नाही, तिथे अडीचशे वर्षांपूर्वीचे टाकीचे घाव जसेच्या तसे राहतात. पण त्याच जागी कोळशाच्या धुराची काळी खपलीही साचते. ती फुगलेली असते, बोट लावलं तर दगडाचा पापुद्रा घेऊन पडते. त्यामुळे हात मागे बांधूनच बघायचं. आजोबा दगडावर बोटांच्या पेरांनी ठोकून तो ठणठणीत आहे का ते ऐकायचे. माझीही बोटं तिथे शिवशिवतात, पण मी ठोकत नाही.

दगड इथलाच, पेन्सविकच्या टेकडीतला. जवळून बघितलात तर राजगिऱ्याच्या लाडवासारखा, बारीक गोल दाण्यांचा दिसेल. उथळ गरम समुद्राच्या तळाशी चुन्याचे दाणे साचून तो झाला, सुमारे १७ कोटी वर्षांपूर्वी. आपला काळा पत्थर लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांचा, आणि टाकीला दाद न देणारा. हा खाणीतून निघतो तेव्हा ओला आणि मऊ असतो, वारा लागला की वरून टणक होतो. म्हणूनच इतकं नाजूक कोरता आलं, आणि म्हणूनच ते झिजतंही. लेस्टरशरमध्ये गेलात तर स्विथलँडच्या पाटीचे, म्हणजे स्लेटचे, दगड बघा. त्यांवरची अठराव्या शतकातली बारीक वळणदार अक्षरं कालच कोरल्यासारखी आहेत. पण त्या दगडात कॉट्सवोल्ड्ससारखं उठावाचं काम करता येत नाही.

पेन्सविकमधल्या कोरणाऱ्यांत ब्रायन घराणं मोठं. जोसेफ ब्रायन आणि त्याचे मुलगे जॉन आणि जोसेफ. जॉन १७८७ साली वारला. त्याचं थडगं पिरॅमिडच्या आकाराचं आहे. गावभरच्या व्यापाऱ्यांसाठी फुलं, फळं, देवदूत कोरणाऱ्या घराण्यातल्या माणसाचं थडगं मात्र अगदी साधं, सपाट पाठींचं, त्रिकोणी. मी तिथे नेहमी थोडा वेळ थांबते. कोरणाऱ्याचं नाव शोधायचं असेल तर दगडाच्या अगदी तळाशी, गवताच्या रेषेजवळ किंवा कडेच्या जाडीवर बघा. असतं तेव्हा बारीक अक्षरांत असतं. गवत हातानं बाजूला करा, उपटू नका.

कॉट्सवोल्ड्समधल्याच बर्फर्डला वेगळा प्रकार दिसतो. पेटीवर अर्धगोल लांबट पाठ, त्यावर आडव्या पन्हळी, टोकांना शिंपले. याला बेल टूम म्हणतात, बेल म्हणजे गठ्ठा आणि टूम म्हणजे थडगं. कुणी म्हणतं ती लोकरीच्या गठ्ठ्याची आकृती, कुणी म्हणतं तिरडीवर कापड ताणायला घालत त्या कमानींची. लोकरीचा संबंध इथे फार खोल आहे. १६६६ पासून इंग्लंडमध्ये मृताला इंग्लिश लोकरीच्याच कापडात पुरण्याचा कायदा होता, धंदा टिकावा म्हणून. तसं शपथपत्र द्यावं लागे, नाहीतर ५ पौंड दंड. तो कायदा पुस्तकातून निघाला १८१४ मध्ये. बर्फर्डला गेलात तर चर्चच्या आतही जा. १६४९ च्या मे महिन्यात संसदेच्या फौजेतल्या क्रॉमवेल या सेनानीनं आपल्याच फौजेतल्या तीनशेहून अधिक बंडखोर सैनिकांना इथे कोंडलं होतं. १७ मे रोजी त्यांच्यातल्या तिघांना आवारात गोळ्या घातल्या. अँथनी सेडली नावाच्या कैद्यानं बाप्तिस्म्याच्या कुंडावर स्वतःचं नाव आणि साल कोरून ठेवलं. कैदी या इंग्रजी शब्दातलं एक अक्षर त्यात राहून गेलं आहे. कसबी हाताचं काम नाही ते, पण त्या आवारातल्या कुठल्याही कोरीव कामाइतकंच ते बघण्यासारखं आहे.

अक्षरांबद्दल. ज्यांनी मोडी शिकली असेल त्यांना हे जड जाणार नाही. शब्दाच्या मधला एस बऱ्याचदा एफसारखा लांब असतो, आडवी रेघ नीट बघितली की फरक कळतो. वाय आणि त्याच्या डोक्यावर बारीक ई असेल तर तो 'यी' नाही, 'द' आहे. जुन्या इंग्रजीतलं 'थ'चं अक्षर वायसारखं लिहू लागले, त्याचा हा अवशेष. आय आणि जे, यू आणि व्ही एकमेकांच्या जागी येतात. रेलिक्ट म्हणजे विधवा. डब्ल्यूच्या डोक्यावर एम म्हणजे विल्यम. कुठलाही शब्द अंदाजानं पुरा करण्याआधी त्याच दगडावर तेच अक्षर दुसरीकडे कसं काढलंय ते बघा. एका हाताची वळणं बदलत नाहीत.

तारखांत एक खाचखळगा आहे. १७५२ पर्यंत इंग्लंडचं कायद्याचं नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणून जानेवारी, फेब्रुवारी आणि बराचसा मार्च यांतल्या मृत्यूला दगडावर कधी कधी दोन सालं असतात, १७२३ आणि त्याच्या शेजारी किंवा खाली ४. म्हणजे जुन्या हिशेबानं १७२३, आपल्या हिशेबानं १७२४. एकच साल असेल तर ते जुन्या हिशेबाचं असू शकतं, हे वहीत लिहून ठेवा. बाप आधी वारला की मुलगा, हे कधी कधी एवढ्यावरच ठरतं. १७५२ मध्येच २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला, त्यामुळे मधल्या तारखा इथल्या कुठल्याच दगडावर त्या वर्षी सापडणार नाहीत.

उशाचा दगड बघून परत फिरू नका, पायाशीही बघा. तिथे बहुधा छोटा दगड असतो आणि त्यावर नुसती आद्याक्षरं. पण ब्रिस्टलच्या हेन्बरीमध्ये सेंट मेरी चर्चच्या आवारात तसं नाही. तिथे सिपिओ आफ्रिकानस असं नाव दिलेला एक आफ्रिकन मुलगा आहे. तो सफोकच्या अर्लकडे, म्हणजे एका उमरावाकडे, नोकर होता, २१ डिसेंबर १७२० ला वारला, वय १८. त्याच्या दोन्ही दगडांवर पंखांचे चेहरे आहेत आणि ते काळ्या रंगानं रंगवलेले आहेत. पायाकडच्या दगडावर कविता आहे, त्याच्याच तोंडी घातलेली: जन्मलो तेव्हा मूर्तिपूजक आणि गुलाम होतो, आता ख्रिस्ती होऊन कबरीत गोड झोपलो आहे. ती त्यानं लिहिलेली नाही. हे नावही त्याच्या आईनं ठेवलेलं नाही, रोमन सेनापतीचं आहे. इतका नीट, इतका खर्चिक दगड, आणि मुलाचं खरं नाव त्यावर कुठेच नाही. दगड वाचायला शिकताना त्यावर काय लिहिलेलं नाही तेही बघायला शिकावं, हे मला तिथे उभं राहून कळलं. २०२० च्या जूनमध्ये तो दगड कुणीतरी फोडला होता.

मुलं बरोबर असतील तर विल्टशरमधल्या माम्झबरीला न्या. तिथल्या ॲबीच्या, म्हणजे जुन्या मठाच्या चर्चच्या, आवारात हॅना ट्विनॉयचा दगड आहे. व्हाइट लायन नावाच्या खाणावळीत ती कामाला होती. १७०३ च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, खेळवाल्यांच्या वाघानं तिला मारलं. दगडावरची कविता मुलांना पटकन पाठ होते: ऐन बहरात ओढून नेली, बचावाला जागा मिळाली नाही, आता मातीच्या बिछान्यावर ती पुनरुत्थानाच्या दिवसाची वाट बघते आहे. कुठल्या समुद्रापलीकडून कुठल्या जहाजानं तो वाघ विल्टशरच्या त्या गावी आला असेल, हे मनात येतंच.

वाचलेलं घरी नेऊन पडताळायचं असेल तर १५३८ पासून इंग्लंडच्या प्रत्येक पॅरिशनं, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीनं, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी ठेवायच्या असा हुकूम होता. सगळीकडच्या त्या टिकल्या नाहीत, पण पुष्कळ परगण्याच्या दप्तरखान्यात आहेत. आमच्याकडे ग्लॉस्टरशर आर्काइव्ह्ज. नोंदवहीतली तारीख दफनाची असते, दगडावरची बहुधा मृत्यूची. दोन-चार दिवसांचा फरक आला तर वाचनात चूक झाली असं समजू नका.

वहीत प्रत्येक दगडाला एक पान द्या. आवारात तो कुठे आहे, तोंड कुठे, दगड कसला, चिन्ह काय, मग ओळी जशाच्या तशा, ओळ जिथे तुटते तिथेच तोडून. जे दिसत नाही तिथे टिंबं द्या, अंदाज मात्र शेजारी वेगळ्या शाईनं. चर्चवॉर्डनला एक प्रत दिलीत तर ते ठेवून घेतात, मला तरी आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

आमच्या वहीत टिंबांची अकरा पानं आहेत. ती फेब्रुवारीत घ्यायची. तेव्हा गवत खाली बसलेलं असतं, सूर्य दुपारीही झाडांच्या वर फारसा चढत नाही आणि बाराच्या आगेमागे अर्धा-पाऊण तास चांगलं ऊन मिळतं. फक्त रात्री दहिवर गोठलेलं असेल तर दगडाच्या फार जवळ जाऊ नका, गोठून सुटलेले पापुद्रे तेव्हाच पडतात. स्नोड्रॉपची पांढरी फुलं थडग्यांच्या पायाशी उगवलेली असतात, ती न तुडवता आरसा टेकवायला जागा शोधावी लागते. सासूबाई या वेळी फेब्रुवारीतच येणार म्हणतात. आरसा मी धरणार, असं त्यांनी फोनवर सांगून ठेवलंय.